इंग्रजी रस्ते रशियनमध्ये नेताना

एका इंग्रजी गोष्टीत साधं वाक्य आहे असं समजा: म्हातारं जोडपं गावाच्या कडेला एका शांत ‘क्लोज’मध्ये राहतं. हे रशियनमध्ये न्यायचं आहे. इंग्रजी-रशियन शब्दकोश उघडला की ‘क्लोज’, ‘कल-द-सॅक’ आणि ‘डेड एंड’ या तिन्हींचा माग शेवटी एकाच शब्दापाशी जातो: ‘तुपिक’. म्हणजे पुढे बंद होणारा रस्ता. अर्थ बरोबर आहे. तरीही ‘तुपिक’ लिहिलं की रशियन वाचकाच्या डोळ्यांपुढे ते जोडपं वेगळ्याच, जरा उदास वस्तीत राहायला जातं. हे का होतं ते कळण्यासाठी दोन्ही भाषा रस्त्यांची वर्गवारी कशी करतात ते आधी पाहावं लागेल.

रस्त्याच्या नावात सहसा दोन भाग असतात. एक खास नाव: बेकर, ऑक्सफर्ड, नेव्स्की. दुसरा जातीचा शब्द: स्ट्रीट, रोड, प्रोस्पेक्त. खास नाव बहुतेक वेळा उच्चाराप्रमाणे नव्या लिपीत उतरवलं की काम भागतं. खरी कसरत जातीच्या शब्दाची. त्यातल्या बऱ्याच अडचणींचं मूळ माझ्या मते एकाच गोष्टीत आहे. रशियन जातीचा शब्द वाचकाला सांगतो की हा रस्ता शहरात कुठे पडतो आणि काय काम करतो. इंग्रजी शब्दही पूर्वी असंच काही सांगायचे. पण उपनगरं वाढली, घरं बांधून विकणाऱ्यांनी नावं ठेवायला सुरुवात केली, आणि त्यातले बरेचसे शब्द शोभेचे झाले. त्यामुळे शब्दाला शब्द लावण्याआधी नकाशा बघावा लागतो.

रशियन बाजू आधी घेऊ, कारण ती जास्त नेटकी आहे. ‘उलित्सा’ हा सर्वसाधारण शब्द, शहरातला किंवा गावातला कोणताही रस्ता. ‘पेरेउलोक’ हा त्याच्याच घरातला. ‘पेरे’ या उपसर्गात आडवं जाण्याचा, ओलांडण्याचा भाव आहे, म्हणून दोन उलित्सांना जोडणारा आडवा, बहुधा छोटा रस्ता तो पेरेउलोक. मॉस्कोतला कामेर्गेर्स्की पेरेउलोक त्वेर्स्काया आणि बोल्शाया द्मित्रोव्का या दोन मोठ्या रस्त्यांना जोडतो, अगदी व्याख्येबरहुकूम. मराठीत ‘बोळ’ म्हणावंसं वाटतं, पण बोळ अरुंद असायलाच हवा आणि पलीकडे उघडला नाही तरी चालतो. पेरेउलोकचं नेमकं उलट आहे. तो रुंद असला तरी चालेल, मात्र जोडणारा हवा. ‘नाबेरेझनाया’ या शब्दात ‘बेरेग’ म्हणजे काठ आहे: नदीच्या किंवा कालव्याच्या काठाने जाणारा रस्ता. ‘प्रोयेज्द’ म्हणजे वाहनाने आरपार जाण्याची वाट.

आणि ‘शोस्से’. हा फ्रेंचमधून आलेला शब्द शहराबाहेर नेणाऱ्या रस्त्याला लावतात. त्याचं काम समजायला मॉस्कोतली एकच सरळ वाट पुरेशी आहे. क्रेमलिनजवळून निघालं की ती त्वेर्स्काया उलित्सा असते. पुढे तीच पहिली त्वेर्स्काया-याम्स्काया उलित्सा होते. बेलोरुस्की स्टेशन ओलांडलं की लेनिनग्राद्स्की प्रोस्पेक्त, आणि आणखी पुढे लेनिनग्राद्स्कोये शोस्से. डांबर तेच, दिशा तीच, पण जातीचा शब्द बदलत जातो, कारण रस्त्याचं शहराशी असलेलं नातं बदलत जातं. ‘शोस्से’ वाचलं की मॉस्कोकराला कळतं की आपण आता कडेला आलो.

‘प्रोस्पेक्त’ची कहाणी वेगळी. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ दूरवरचं दृश्य. सेंट पीटर्सबर्ग उभारताना ॲडमिराल्टीच्या, म्हणजे नौदलाच्या मुख्यालयाच्या इमारतीपासून तीन सरळ रस्ते किरणांसारखे काढले: नेव्स्की, गोरोखोवाया आणि वोझ्नेसेन्स्की. या रस्त्यांच्या टोकाशी ॲडमिराल्टीचा सोनेरी सुळका दिसत राहावा ही त्यामागची योजना होती. नेव्स्कीला अठराव्या शतकात ‘पेर्श्पेक्तिवा’ म्हणत. साधारण साडेचार किलोमीटरचा हा रस्ता आजही या शब्दाचा नमुना मानला जातो. मॉस्कोत प्रोस्पेक्त आले ते मुख्यतः सोव्हिएत काळात, आणि ते आले ते कित्येक पदरी, भव्य होऊनच. म्हणजे प्रोस्पेक्त म्हटलं की रशियन मनात एकतर राजधानीचा डौल येतो, नाहीतर सोव्हिएत रुंदी.

आता इंग्रजी. ‘स्ट्रीट’ हा लॅटिनमधल्या फरसबंद वाटेच्या शब्दावरून आलेला, आणि ‘रोड’चं नातं घोड्यावरून जाण्याशी. म्हणून जुन्या इंग्लंडमध्ये स्ट्रीट गावातली, दोन्ही बाजूंना घरं असलेली, आणि रोड गावाबाहेर कुठेतरी पोचवणारा, असा फरक होता. लंडनमधला एज्वेअर रोड खरोखरच एज्वेअरकडे जातो. पण शहर पसरत गेलं तसे हे रोड घरांच्या गराड्यात सापडले आणि फरक पुसट झाला. म्हणून लंडनच्या ‘रोड’ला रशियनमध्ये ‘दोरोगा’ म्हणणं हा हमखास फसवणारा मोह आहे. दोरोगा म्हणजे रानातून, शेतांमधून जाणारी वाट. शहरातल्या दुकानांच्या रांगेला दोरोगा म्हटलं तर वाचक दुकानांऐवजी धूळ पाहतो.

‘क्रेसेंट’ घ्या. इंग्लंडमधल्या बाथ शहरात १७६७ ते १७७४ या काळात ३० घरांची एक अर्धवर्तुळाकार ओळ बांधली गेली, ती रॉयल क्रेसेंट. तिथे तो शब्द आकाराचं खरं वर्णन होतं, आणि रशियन पर्यटन-मजकुरात तिला ‘कोरोलेव्स्की पोलुमेस्यात्स’ म्हणजे राजेशाही चंद्रकोर म्हणतात. सुंदर नाव आहे आणि जागेला शोभतं. पण पुढे उपनगरातल्या जरा वळण घेणाऱ्या कुठल्याही रस्त्याला क्रेसेंट म्हणायला लागले. तिथे चंद्रकोर लिहिली तर हास्यास्पद होईल. ‘ग्रोव्ह’मध्ये झाडी असेलच असं नाही, ‘गार्डन्स’मध्ये बाग असेलच असं नाही. अशा ठिकाणी सरळ ‘उलित्सा’ लिहावं.

मग ‘ॲव्हेन्यू’ म्हणजे प्रोस्पेक्त का? शब्दकोश तसं सुचवतात. लंडनच्या उपनगरात दोन-दोन घरं जोडून बांधलेल्या एखाद्या निवांत ॲव्हेन्यूला प्रोस्पेक्त म्हटलं तर तिथे लष्करी संचलन निघेल असं वाटायला लागतं. न्यूयॉर्कचं मात्र निराळं. १८११ च्या आराखड्याने मॅनहॅटनवर जाळी आखली: उत्तर-दक्षिण जाणाऱ्या ॲव्हेन्यू आणि त्यांना छेदणाऱ्या स्ट्रीट, दोन्हींना आकडे. रशियनमध्ये फिफ्थ ॲव्हेन्यूला ‘प्याताया अवेन्यू’ म्हणतात, आणि बेचाळिसाव्या स्ट्रीटला ‘सोरोक व्तोराया उलित्सा’. स्ट्रीटचं भाषांतर केलं, ॲव्हेन्यू मात्र जशीच्या तशी ठेवली. वरवर पाहता ही विसंगती वाटते, पण ती अत्यंत शहाणपणाची आहे. दोन्हींना उलित्सा म्हटलं असतं तर पाचवी ॲव्हेन्यू आणि पाचवी स्ट्रीट यांच्यात फरकच उरला नसता, आणि माणूस बेटाच्या भलत्याच कोपऱ्यात जाऊन उभा राहिला असता. इथे जातीचा शब्द दिशा सांगतो, म्हणून तो जपला गेला.

सर्वात जास्त फसवतात ते ओळखीचे वाटणारे शब्द. इंग्रजी ‘ॲली’ आणि रशियन ‘अल्येया’ मूळचे एकाच फ्रेंच घरातले. पण अल्येया म्हणजे दोन्ही बाजूंना झाडं लावलेली चालायची वाट, उद्यानातली किंवा स्मारकाकडे नेणारी. इंग्रजी ॲली म्हणजे इमारतींच्या मागची अरुंद गल्ली, कचऱ्याचे डबे आणि मागची दारं असलेली. गुप्तहेरकथेतला खून ॲलीत झाला आणि भाषांतरकाराने घाईत अल्येया लिहिलं, तर प्रेत लिंडेनच्या झाडांखाली बाकाशेजारी पडलेलं सापडेल. या ठिकाणी ‘पेरेउलोक’ किंवा परिस्थितीनुसार ‘प्रोखोद’, म्हणजे पायी जायची फट, असा शब्द लागतो.

दुसरा फसवा शब्द ‘स्क्वेअर’. लंडनमधल्या जुन्या वस्त्यांत चौकाच्या मधोमध कुंपण घातलेली हिरवी बाग असते आणि भोवती घरं. रशियनने हा शब्द उचलला, पण चौक मागे ठेवला आणि फक्त मधली बाग घेतली. आज रशियन ‘स्क्वेर’ म्हणजे शहरातली छोटी बाग. मोकळ्या चौकासाठी ‘प्लोश्चाद’ आहे, क्रेमलिनशेजारचा लाल चौक तोच. म्हणून ट्रफाल्गर स्क्वेअर रशियनमध्ये ‘त्राफाल्गार्स्काया प्लोश्चाद’ होतो, आणि ते योग्यच आहे, कारण तिथे दगड आणि कारंजी आहेत. बर्कली स्क्वेअर मात्र ‘बेर्कली-स्क्वेर’ म्हणून राहतो. तिथे खरोखर झाडं आहेत, त्यामुळे शब्द मूळ नावाशीही जुळतो आणि रशियन अर्थाशीही.

बुलेवार्डचंही असंच काहीसं आहे. ‘बुलेवार्ड’ मूळचा तटबंदीचा शब्द. मॉस्कोत ‘पांढरं शहर’ म्हणवल्या जाणाऱ्या जुन्या मध्यभागाची तटबंदी पाडून तिच्या जागी बुल्वार आले, त्यातला पहिला, त्वेर्स्कोय बुल्वार, १७९६ मधला. शब्दाचा जुना अर्थ आणि जागेचा इतिहास एकाच ठिकाणी भेटतात. रशियन बुल्वारच्या मधोमध झाडं आणि बाकं असतात, वाहनं दोन बाजूंनी जातात, आणि म्हातारे तिथे बुद्धिबळ खेळतात. लॉस एंजेलिसचा सनसेट बुलेवार्ड हा साधारण ३५ किलोमीटरचा मोटारींचा रस्ता आहे. त्याला रशियनमध्ये ‘बुल्वार सनसेट’ म्हणतात, नाव आता रुजलंय, बदलायचं कारण नाही. पण कथेत कुणी तिथून चालत निघालं असेल तर वाक्यात वाहनांचा आवाज यायला हवा, नाहीतर वाचक त्याला बाकावर बसवेल.

आता परत तुपिककडे. ‘तुपोय’ म्हणजे बोथट. धार नसलेल्या सुरीला आणि मंद बुद्धीला हाच शब्द. रेल्वेच्या बंद टोकाच्या रुळालाही तुपिक म्हणतात. वाटाघाटी तुपिकमध्ये जातात, कठीण प्रश्न माणसाला तुपिकमध्ये उभं करतो. असा सगळा जडपणा त्या एका शब्दात साचलेला आहे. मॉस्कोत खऱ्या रस्त्यांची नावंही तशी आहेत, उदाहरणार्थ सितिन्स्की तुपिक, आणि तिथे राहणाऱ्याला त्यात काही वाईट वाटत नाही. पण नाव म्हणून तो शब्द वापरणं वेगळं आणि वर्णनात वापरणं वेगळं.

इंग्लंडमध्ये याच बंद रस्त्याला मान आहे. जुन्या उपविधींमुळे असे रस्ते बांधायला अडथळा होता, कारण कोंदट वस्त्यांची भीती होती. लंडनच्या उत्तरेला हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब ही वस्ती वसवण्यासाठी १९०६ मध्ये खास कायदा झाला आणि तिथे नगररचनाकार रेमंड अन्विन यांनी बंद टोकाचे रस्ते मुद्दाम आखले: आरपार वाहतूक नको, मुलांना खेळायला जागा हवी, शेजाऱ्यांना एकमेकांची ओळख राहावी. १९२९ च्या सुमाराला न्यू जर्सीतल्या रॅडबर्नमध्ये हीच कल्पना मोटारींच्या युगासाठी बेतली गेली. त्यामुळे घर विकणाऱ्याच्या तोंडी ‘कल-द-सॅक’ आला की तो किंमत वाढवण्यासाठी येतो.

मग त्या म्हाताऱ्या जोडप्याचं काय करायचं? रशियनकडे यासाठी एक हुकमी साधन आहे: लाडाची रूपं. ‘उलित्सा’ची ‘उलोच्का’ होते, ‘पेरेउलोक’चा ‘पेरेउलोचेक’, ‘तुपिक’चा ‘तुपिचोक’. ‘तिखी तुपिचोक’ म्हणजे शांत, छोटासा बंद रस्ता. एका प्रत्ययाने जडपणा गळून पडतो. किंवा ‘शांत उलोच्का, पुढे वाहनं जात नाहीत’ असं फोड करून लिहिता येतं. मला हा दुसरा मार्ग जास्त आवडतो, कारण मूळ इंग्रजी वाचकाला ‘क्लोज’मधून नेमकं तेच ऐकू आलेलं असतं.

पण ‘क्लोज’ नेहमी बंद असतो असंही नाही. एडिंबराच्या जुन्या शहरात रॉयल माइल या मुख्य रस्त्याच्या दोन्ही अंगांना उतरत जाणाऱ्या अरुंद वाटांना क्लोज म्हणतात. त्या खासगी होत्या, रात्री दार लावून बंद होत, हे त्या नावाचं कारण सांगतात. बऱ्याचशा खालच्या बाजूला आरपार उघडतात. त्यातली मेरी किंग्ज क्लोज प्रसिद्ध आहे, कारण १७५३ पासून तिच्यावर रॉयल एक्स्चेंजची इमारत उठली आणि गल्लीचा खालचा भाग तळघरासारखा आत दडपला गेला. रशियनमध्ये ती ‘तुपिक मेरी किंग’ झाली आहे. उरलेल्या क्लोजबद्दल लिहिताना मात्र तोच शब्द ओढत नेला तर चूक होईल. उतारावर आरपार जाणाऱ्या वाटेला पेरेउलोकच म्हणावं.

व्याकरणाकडे थोडं बघायला हवं, आणि इथे मराठी माणसाला इंग्रजी माणसापेक्षा सोपं जातं. रशियनमध्येही तीन लिंगं आहेत आणि विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं, जसं आपण चांगला रस्ता, चांगली गल्ली, चांगलं गाव म्हणतो. उलित्सा स्त्रीलिंगी, प्रोस्पेक्त पुल्लिंगी, शोस्से नपुंसकलिंगी. म्हणून वर लेनिनग्राद्स्की आणि लेनिनग्राद्स्कोये अशी दोन रूपं आली. म्हणजे जातीचा शब्द बदलला की खास नावाची शेपटीही बदलते. परकी नावं यात अडकतात. वॉल स्ट्रीटचं रशियन रूप ‘उओल-स्त्रीत’ व्यंजनाने संपतं, म्हणून ते पुल्लिंगी व्हायला हवं होतं, पण मनात उलित्सा असल्याने ते स्त्रीलिंगी मानतात आणि विभक्ती लावत नाहीत. ‘अवेन्यू’ही त्याच न्यायाने स्त्रीलिंगी. ब्रॉडवेला मात्र रशियनने सरळ आपल्यात घेतलं: ‘ब्रोद्वेय’ पुल्लिंगी, आणि त्याला विभक्तीही लागते.

जातीचा शब्द गाळला तर काय होतं याचं सर्वात चांगलं उदाहरण मॉस्कोच्या मध्यभागी आहे. बोल्शाया निकित्स्काया उलित्सा, मालाया निकित्स्काया उलित्सा, निकित्स्की बुल्वार, निकित्स्की पेरेउलोक आणि निकित्स्किये वोरोता हा चौक, ही सगळी वेगवेगळी ठिकाणं आहेत, आणि एकमेकांजवळ. ‘निकित्स्की’ एवढंच लिहून दिलेला पत्ता पाहुण्याला तासभर फिरवेल. पाट्यांवर आणि पत्रांवर हे शब्द आखूड करतात आणि तिथे नवा सापळा तयार होतो: नुसतं ‘प्र.’ लिहिलं तर तो प्रोस्पेक्त की प्रोयेज्द, हे कळत नाही.

पत्ता आणि गोष्ट यांचे नियमही वेगळे. रशियातून लंडनला पत्र पाठवायचं तर पत्ता लॅटिन लिपीत, जसाच्या तसा लिहितात. फक्त देशाचं नाव रशियनमध्येही द्यायचं असतं. लंडनच्या पोस्टमनला उलित्सा कळून उपयोग नाही. वर्तमानपत्रात आणि नकाशात नाव उच्चाराप्रमाणे उतरवून मध्ये जोडरेघ देतात: दाउनिंग-स्त्रीत, द्रुरी-लेयन. आणि ललित लेखनात भाषांतरकाराला मोकळीक आहे, तिथे वाचकाला काय दिसलं पाहिजे हे महत्त्वाचं. उलट दिशेलाही हेच लागू पडतं. मॉस्कोतल्या परकीय साहित्याच्या रुदोमिनो ग्रंथालयात २०२२ मध्ये लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांचा पुतळा बसवला गेला. त्या ग्रंथालयाचा पत्ता आहे निकोलोयाम्स्काया उलित्सा, १. मराठीत तो असाच लिहावा. ‘निकोलोयाम्स्काया मार्ग’ असं केलं तर तिथल्या पाटीशी आपला कागद जुळणार नाही.

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर हा सगळा प्रश्न एकत्र भेटतो. ‘ड्राइव्ह’ला रशियनमध्ये नेमका शब्द नाही. प्रोयेज्द लिहिलं तर वस्तीतला जोडरस्ता वाटेल, आणि समुद्र पूर्ण गायब होईल. जागा मात्र रशियन माणसाला लगेच ओळखू येईल अशी आहे: पाण्याच्या काठाने जाणारी, बसायला कठडा असलेली, संध्याकाळी माणसांनी भरलेली. ती नाबेरेझनायाच आहे. म्हणून ‘नाबेरेझनाया मारिन-द्राइव’ असं दोन्ही ठेवणं उत्तम. काही संपादक ‘उलित्सा दाउनिंग-स्त्रीत’सारख्या जोडीला नावं ठेवतात, कारण तिथे रस्ता दोनदा येतो. मरीन ड्राइव्हला ती हरकत लागू होत नाही. ‘ड्राइव्ह’ काठाबद्दल काहीच बोलत नाही, ‘नाबेरेझनाया’ नेमकं तेच बोलते.

शेवटी ‘म्यूज’, लंडनचा हा शब्द मला सर्वात कठीण वाटत आला आहे. चॅरिंग क्रॉसजवळ राजाचे शिकारी ससाणे पिसं झडण्याच्या काळात ठेवत, त्या जागेचं नाव म्यूज. १५३४ मध्ये तिथे आग लागली, नंतर त्याच जागी घोड्यांचे तबेले बांधले, पण नाव टिकलं आणि त्याचा अर्थच तबेला झाला. पुढे श्रीमंतांच्या घरांमागे तबेल्यांच्या गल्ल्या झाल्या: खाली घोडे आणि बग्ग्या, वर गाडीवानाच्या खोल्या. मोटारी आल्यावर घोडे गेले, आणि आज त्याच बुटक्या खोल्या लंडनमधली महागडी घरं आहेत. हा सगळा इतिहास पेलणारा जातीचा शब्द रशियनमध्ये नाही. उच्चाराप्रमाणे लिहिलं तर रशियन वाचकाला त्यातून काहीच कळत नाही.

पण सेंट पीटर्सबर्गमध्ये बोल्शाया आणि मालाया कोन्यूशेन्नाया उलित्सा आहेत, दरबारी तबेल्यांवरून नाव पडलेल्या. मॉस्कोत आर्बात आणि प्रेचिस्तेन्का यांना जोडणारा स्तारोकोन्यूशेन्नी पेरेउलोक आहे, म्हणजे जुन्या तबेल्यांचा. तिथेही घोडे कधीच गेले आणि तिथेही घरं महाग आहेत. इंग्रजीने तबेला जातीच्या शब्दात ठेवला, रशियनने तो खास नावात ठेवला. म्हणून कथेतला म्यूज भाषांतरात ‘कोन्यूशेन्नी पेरेउलोक’ होऊ शकतो, आणि गल्ली एका टोकाला बंद असेल तर ‘कोन्यूशेन्नी तुपिक’.